मागच्या गल्लीचा पत्ता

त्यांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलणं काढलं तेव्हा ते माझ्या चपलेकडे पाहत होते.

मेडिकल चौकाकडून आत येणाऱ्या रस्त्यावर मी तेव्हा नुकतंच ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर टाकलं होतं. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पेन्शन, असली कामं. दाराशी चपला काढून मी आत कॉम्प्युटरच्या वायरी जोडत होते आणि मान वर केली तर दारात एक उंच, खांद्यातून वाकलेला म्हातारा माणूस उभा. हातात माझी उजवी चप्पल.

"बाहेरच्या बाजूनं झिजून राहिली," ते म्हणाले. "कंबर दुखते का तुही?"

कंबर दुखत होती. पण अनोळखी माणसाला ते सांगायचं कसं? ते चप्पल घेऊन गेले आणि तासाभरानं परत आणून ठेवली. टाचेखाली चामड्याची एक पातळ पट्टी आली होती. "पंधरा दिवस घाल. मंग सांग." पंधरा दिवसांनी मी विसरून गेले होते. ते विसरले नव्हते.

शेजारचा गाळा त्यांचा. सरकारी दवाखान्यात कृत्रिम पाय आणि आधाराचे बूट बनवणाऱ्या कार्यशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली होती, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम इथे करत होते. पोलिओनं वाळलेले पाय, जन्मतः आत वळलेली पावलं, अपघातानंतर दोन बोटांइतका आखूड राहिलेला पाय, साखरेच्या आजारानं बधिर झालेले तळवे, अशा पायांसाठी ते बूट शिवायचे. येणारे लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. त्यांना ते चालत नसे.

"डॉक्टर कापते," ते म्हणायचे. "मी शिवतो. बूटवाला म्हण."

मी काका म्हणायचे.

माणूस मोठा विचित्र होता. आलेल्याला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः खाली, पोत्यावर. साबणानं हात धुवायचे, पुसायचे, आणि मग विचारायचे, "पाय हातात घेऊ का?" हा प्रश्न सगळ्यांना. खाप्याहून एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी म्हणाली, नाही. काका उठले आणि हात पुसत बाजूला झाले.

"अहो, तिचं काय ऐकता," आई म्हणाली. "दोन गाड्या बदलून आलो आम्ही."

"पाय तिचा हाये ना वं बाई," काका म्हणाले. "नाही म्हणते ते."

त्यांनी मुलीसमोर मुरमुऱ्यांची वाटी ठेवली आणि आपल्या कामाला लागले. आई चिडून माझ्या सेंटरमध्ये येऊन बसली. दुपारी दोनच्या सुमाराला मुलीनं आपणहून पाय पुढे केला. मी ते दारातून पाहिलं. काकांनी पुन्हा एकदा हात धुतले.

हातात पाय असला की ते फोन उचलत नसत. फोन वाजून वाजून बंद पडायचा आणि नंतर परत लावायचं त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. आणि दुकानाला पाटी नव्हती. मी विचारलं होतं, काका, पाटी काहून नाही लावली? ते म्हणाले, "पाटी लावली का आत जाणारा प्रत्येक जण रस्त्यावरच्याले दिसते. मंग लोक त्याचे पाय पाह्यते." त्यांचे बरेचसे लोक पुढच्या रस्त्यानं यायचेच नाहीत. पुढून गाळ्याला चार उंच पायऱ्या होत्या. मागच्या गल्लीतून मात्र जमीन सपाट होती, आणि दारापर्यंत त्यांनी स्वतः सिमेंटचा उतार करून घेतला होता. मागून यायचं, पडद्याआड बसायचं, कोणाला न दिसता निघून जायचं.

प्रत्येक माणसाच्या पावलाच्या मापाचा लाकडी फर्मा ते बनवायचे. त्या फर्म्यावर बूट चढवून शिवायचा. भिंतीवरच्या फळ्यांवर असे कितीतरी फर्मे ओळीनं ठेवलेले असत, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव आणि गाव. पुढच्या वेळी तो माणूस आला की फर्मा काढायचा, पाय केवढा बदलला ते पाहायचं, लाकूड तासायचं किंवा वर चामडं चढवायचं. ज्यांचे पाय कोणत्याच तयार बुटात बसत नाहीत, त्यांची ती पावलं होती.

दवाखान्यातले त्यांच्या ओळखीचे लोक एकेक करून निवृत्त झाले. नवे डॉक्टर कंपनीच्या दुकानांच्या चिठ्ठ्या द्यायला लागले. काकांकडे नवा माणूस येईनासा झाला. तेव्हा मीच म्हटलं, मोबाईलच्या नकाशावर तुमचं दुकान टाकते. त्यांना ते पटायला आठवडा लागला. नाव, पत्ता, फोन नंबर, आणि नकाशावर लाल खूण. महिन्याभरात लोक यायला लागले. उमरेडहून, बालाघाटहून, छिंदवाड्याकडून. "तुहा नकाशा लय दूर पोचते वं," ते म्हणाले. त्यांना झालेला आनंद मी पहिल्यांदाच पाहत होते.

बूट चांगला झाला की लोक तिथे पाच तारे द्यायचे. काका मला ते वाचून दाखवायला लावायचे आणि मग त्या माणसाला फोन करायचे. "पाच काहून दिले? अंगठ्याले लागून राहिलं म्हणत होता ना तू? तीन कर आणि बूट घेऊन ये." लोक बिचारे तीन करायचे. मी कपाळाला हात लावायचे. ते म्हणायचे, पहिल्या खेपेत बसलेला बूट मी आजवर पाहिला नाही, खोटं काहून लिहायचं?

बिघडलं ते लाल खुणेवरून.

नकाशा लोकांना पुढच्या रस्त्यावर आणून सोडायचा. कुबड्या घेतलेली एक बाई त्या चार पायऱ्यांवर पडली. फार लागलं नाही, पण काका दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आले. "खूण मागच्या गल्लीत ने," म्हणाले. मी नेली. मग कोणीतरी गल्लीच्या चुकीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं. काका म्हणाले, अजून थोडी अलीकडे, उताराच्या बरोबर समोर. मी सरकवली. मग पत्त्यातही 'मागच्या गल्लीतून या' असं लिहायला लावलं. आठवड्यात तीनदा मी ती नोंद बदलली. तिसऱ्या बदलानंतर चौथ्या दिवशी मेल आला. नोंद निलंबित करण्यात आली आहे. कारण, धोरणांचं उल्लंघन.

मी त्यांना मराठीत सांगितलं.

"सस्पेंड? मले?" ते म्हणाले. "एवढ्या नोकरीत कोणी सस्पेंड नाही केलं."

"तुम्हाला नाही काका. नकाशावरच्या नोंदीला."

"सस्पेंड केलं का चार्जशीट देते. काय गुन्हा म्हणून लिहिलं त्यात?"

"धोरणाचं उल्लंघन, एवढंच लिहिलं आहे. कोणतं ते नाही लिहिलं."

"मंग चौकशी कोण करते?"

मी म्हटलं, बहुतेक कोणी माणूस नसतो काका, कॉम्प्युटरच पाहते. ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली.

अपील करता येत होतं. पण एकदा अपील टाकलं की पुरावे चढवायला तासभरच मिळणार होता, आणि पुरावे पुरेसे नव्हते. लाइटचं बिल घरमालकाच्या नावावर, आणि घरमालक कधीच वारलेला. दुकानाच्या नोंदणीच्या कागदावर पुढच्या रस्त्याचा पत्ता, आणि नकाशावर मागची गल्ली. पाटीचा फोटो मागितला होता, पाटी नव्हती. होतं ते सगळं जोडून मी पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, अपील नामंजूर.

दुसऱ्यांदा पाहण्याची विनंती करायची तर व्हिडिओ हवा होता. रस्त्यापासून सुरुवात करायची, पाटी दाखवायची, कुलूप उघडायचं, आत हत्यारं आणि काम दाखवायचं, मध्ये कुठेही न थांबता. त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा हरलेलं पाहिलं. "पत्ता पुढचा करून टाक," ते म्हणाले. "पाटीपण लावतो." आपल्या पेन्सिलीच्या अक्षरात त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'पायांचे बूट येथे शिवून मिळतील', आणि पायऱ्यांच्या वर, पुढच्या दाराच्या चौकटीला खिळ्यानं ठोकलं. जणू दुसऱ्या कशाचे बूट असतात. मी ते शब्द बदलायला सांगितले नाहीत.

मी मोबाईल धरून रस्त्यावरून चालत आले. पाटी घेतली. काकांनी कुलूप उघडलं. आत फळ्या, फर्मे, चामडं कापायची रापी, शिलाईचं मशीन, सगळं एकेक दाखवत गेले. मिनिटभर राहिलं असेल, तेवढ्यात मागच्या दारानं एक मुलगी आत आली. वीस-बावीस वर्षांची, आजारानं चेहरा उतरलेली. तिला काय माहीत. ती खुर्चीवर बसली आणि तिनं सलवार वर करून पायाचा पट्टा सोडायला घेतला.

काकांनी मोबाईलच्या काचेवर हात ठेवला.

"काका, एकच मिनिट राहिलंय. मी दुसरीकडे फिरवते."

"बंद कर," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले, नळाशी गेले आणि साबणानं हात धुवायला लागले.

व्हिडिओ आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पण व्हिडिओ चढवायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. पुढच्या फॉर्मचं पान उघडलं ते आठवड्यानं, तेव्हा कुठे व्हिडिओ गेला. या सगळ्यात दोन महिने गेले. फोन यायचे बंद झाले, कारण नंबरही त्या नोंदीतच होता. काकांनी एके दिवशी दोन पानी पत्र लिहून आणलं. 'माननीय साहेब, मी हयात आहे. दुकान रोज उघडं असते. एकदा येऊन पाहावे. मी स्वतः आपणास दारापासून आत घेऊन येईन.'

"याले पाकीट कर आणि रजिस्टर टाक," ते म्हणाले. "पत्ता मले दे, मी पोस्टात जातो."

मी म्हटलं, पत्ता नाही काका, त्यांचा पत्ता कुठे लिहिलेला नाही.

त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली.

उमरेडचा एक विणकर मेहुण्याला घेऊन आला तो त्याच सुमाराला. पंचेचाळिशीचा माणूस, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, आणि साखरेमुळे तळव्याला काही जाणवायचं नाही. हातमागावर बसून त्याला पायांनी पावड्या दाबाव्या लागायच्या, म्हणून काकांनी त्याला पूर्वी उंच तळाचा, आतून मऊ बूट करून दिला होता. तेव्हाही मेहुण्यानंच त्याला आणलं होतं. बूट झिजल्यावर मात्र तो एकटाच निघाला होता, आणि मोबाईलमध्ये दुकान नाही.

"दोन महिने झाले येऊन गेलो होतो," तो म्हणाला. "स्टँडवरून चौकात आलो. दोन-तीन तास फिरलो. एका पानठेल्यावर विचारलं तर म्हणे, बंद झालं असन, म्हातारा होता थो. मंग बाजारातून साधाच बूट घेतला."

काकांनी हात धुतले, विचारलं, पाय हातात घेतला, आणि मोजा उतरवला. अंगठ्याच्या मुळाशी काळपट जखम होती. वास मला माझ्या दारापर्यंत आला. त्याला स्वतःला ती दुखतच नव्हती.

काका पाय तसाच धरून बसले. मग हळूच खाली ठेवला, रिक्षा थांबवली आणि स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेले. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. काका रोज सकाळी वॉर्डात जाऊन यायचे. आठव्या दिवशी परत आले तेव्हा माझ्या सेंटरमध्ये बाकावर बसले.

"थो म्हणते, माग बंद केला," म्हणाले. "दोन महिने आधी सापडलो असतो तर बूट देऊन मोकळा झालो असतो मी."

मी त्या दिवशी जे केलं ते आता लिहितेच आहे तर सरळ लिहिते. त्यांची दुसरी विनंती अजून विचाराधीन होती. निर्णय होईपर्यंत त्याच व्यवसायाची नवी नोंद करू नका, असं मेलमध्ये लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पण ते बाकावर बसले होते, आणि त्यांच्या बोटांना अजून दवाखान्याच्या औषधाचा वास येत होता. ते गेल्यावर मी दुसऱ्या मेलवरून, थोडंसं नाव बदलून, त्यांच्या दुकानाची नवी नोंद केली. वाटलं, चार लोकांना तरी सापडतील.

नवी नोंद तीन दिवस टिकली. मग दोन्हींबद्दल एकच मेल आला. एकाच व्यवसायाच्या एकाहून अधिक नोंदी आढळल्या. निर्णय अंतिम आहे. यापुढे अपील स्वीकारलं जाणार नाही.

मी तो मेल त्यांना सांगितला नाही.

त्यानंतर ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी माझ्या दारात येऊन विचारायचे, "आलं का वं काही?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही काका." एकदाही त्यांनी घाई केली नाही. उलट मलाच समजवायचे. "मोठं ऑफिस असन. फाइल खालून वर जायले टाइम लागते." कधी पेरू आणून द्यायचे, कधी म्हणायचे, माझ्यापायी तुझी कामं खोळंबतात. कोणी विचारलं तर सांगायचे, चूक माझीच, मीच खूण हलवायला लावली, पोरीनं सांगितलं तसं केलं. हे ऐकताना मी कीबोर्डकडे पाहत राहायचे.

हिवाळ्यात त्यांनी एक नवीनच सुरू केलं. सकाळी गणेशपेठच्या बस स्टँडवर जाऊन बसायचे. उमरेड, भंडारा, सावनेरकडून येणाऱ्या गाड्या लागतात तिथे, बाकड्यावर. उतरणाऱ्यांचे पाय पाहत. कोणी लंगडताना दिसलं की जवळ जाऊन विचारायचे, तुम्ही बुटासाठी आलात का? मी एकदा तिथून जात होते. एका माणसानं त्यांना बाजूला ढकललं आणि म्हणाला, "काय पाह्यतो बे पायाकडं?" काका "माफ करा दादा" म्हणाले आणि परत बाकड्यावर जाऊन बसले. मी त्यांना दिसले नाही. मी थांबले नाही.

फळ्यांवरचे फर्मे पडून राहिले. ते रोज फडक्यानं पुसायचे. जुन्या वहीतल्या नंबरांवर फोन करून पाहिले, निम्मे बंद लागले. भंडाऱ्याहून त्यांची मुलगी आली, म्हणाली, बाबा, चला आता, इथं कोणासाठी बसता? ते तयार झाले. मे महिन्यात गाळा सोडायचं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते आले. कूलर चालू असूनही सेंटरमध्ये उन्हाची आग होती. ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर ताठ बसले, शर्टाची वरची गुंडी लावली.

"शेवटचा एक अर्ज टाकशील का?" म्हणाले. "मी सांगतो, तू लिही."

अपीलचं पान उघडणारच नव्हतं. मला ते माहीत होतं. सांगायची ती वेळ होती, आणि त्यांनी काही म्हटलंही नसतं. मी नुसतीच एक कोरी फाइल उघडली.

"लिही, दुकान आता मी बंद करून राहिलो. मले धंद्यासाठी नाव नको. फक्त एक महिना नाव दिसू द्या. ज्याचा ज्याचा फर्मा माझ्याकडे हाये, थो येऊन घेऊन जाईल. दुसऱ्या बूटवाल्याले त्यावरून शिवता येते. नाही तर त्याले नव्यानं सगळं माप द्या लागन, आणि तसं माप घेणारा आता कोणी नाही." थोडं थांबून म्हणाले, "आपला नम्र, लिही. नाव टाक."

मी नाव टाकलं.

"पाठवलं?"

"पाठवलं."

"उत्तर कधी येईल?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आठ दिवस लागतात."

ते उठले. दारात थांबून क्षणभर विचार केला. "मंग पोरीले फोन करून सांगतो," म्हणाले. "आठ दिवस थांबून जातो. एवढे दिवस काढले."

ते थांबले. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू झाला होता. रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा नसायचं. सामान भंडाऱ्याला गेलं होतं, पंखाही. रिकाम्या गाळ्यात, फर्म्यांच्या फळ्यांसमोर, ते मागचं दार उघडं टाकून पोत्यावर बसून असायचे. मी थंड पाणी नेऊन द्यायचे, ते घ्यायचे. त्या आठ दिवसांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, आलं का म्हणून. नवव्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा त्यांच्या गाळ्याला कुलूप होतं, फर्मे आत तसेच, आणि किल्ली माझ्या शटरखालून आत सरकवलेली होती.